आरएक्स १०० : बोर मारून ४०० किलोमीटरवर पुन्हा जाम, आता घरीच उघडलंय

अकरा_घोडे (कोल्हापूर)

मंडळी नमस्कार. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

बाबांची १९९१ची यामाहा आरएक्स १००. घरात माझ्याआधी आलेली, त्यामुळे मान माझ्यापेक्षा जास्त. मागच्या दिवाळीआधी पहिल्यांदा जाम झाली. एका गॅरेजला दिली (नाव विचारू नका, त्याच गल्लीत राहायचंय). त्यांनी बोर मारून (सिलिंडरचं भोक घासून मोठं करून) पंचवीसचा, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला. चारशे किलोमीटर गाडी झकास पळाली. मग जोतिबाच्या चढाला, तिसऱ्या गिअरात, मागचं चाक खाडकन लॉक. बाबा अडुसष्ट वर्षांचे, पण टू-स्ट्रोक चालवलेल्या पिढीची खोड अंगात आहे : दोन बोटं कायम क्लचवर. म्हणून पडले नाहीत. दहा मिनिटं झाडाखाली बसले, किक मारली, गाडी सुरू झाली, हळूहळू घरी आले. आल्यावर म्हणाले, "मिस्त्रीनं बोर घट्ट ठेवला."

पुन्हा तिथंच द्यायचं जिवावर आलं. मी आयटीवाला, हात पांढरे. पण शेजारच्या काकांकडून रिंग पाने आणि टी-पाने आणले, गच्चीवर जुनी सतरंजी टाकली आणि हेड-ब्लॉक उतरवला. टू-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व नाहीत, टायमिंग चेन नाही, वरचं अंग म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन, संपलं. चार नट आणि अर्धा तास. खरं तर तीन तास, कारण सायलेन्सरचा एक नट गंजून स्टडवर बसला होता.

पिस्टनचे फोटो डकवतोय. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, बोटाच्या नखाला लागतात. दोन्ही रिंगा तुटलेल्या नाहीत, पण खालची चिकटून बसलीय. प्लग पांढराफटक.

माझा संशय ऑइल पंपावर (वेगळ्या डब्यातलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, इंजिनात सोडतो तो) आहे. पंप बंद करून टाकीतच टू-टी मिसळायचं का? आणि आता पन्नासचा पिस्टन घ्यावा का? बोर उद्यमनगरात मारून घेईन, बाकी सगळं घरी करायचं ठरवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.

नाना_पेठी (पुणे)

पंप काढून टाक भावा. आमच्याकडे दहातल्या आठ गाड्यांचे पंप काढलेत. लिटरला ४० मिली टू-टी, डोक्याला ताप नाही. पूर्वी पेट्रोल पंपावर ते हाताने फिरवायचं टू-टीचं डबडं असायचं, आठवतंय का? तसंच.

पिस्टन पन्नासचाच घे. पण "ओरिजिनल" म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं खोक्यापुरतं ओरिजिनल असतं. खोक्यावर नको, पिस्टनवर बघ.

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)

काहून बाप्पा शंभरमधेच अडकून राह्यला? आता खोललंच आहे त आरएक्स १३५चा ब्लॉक टाक ना. ५८चा बोर, स्ट्रोक तोच ५०. गाडी अशी पळते की माणूस मागं राहते.

अकरा_घोडे

ठेचाभाऊ, मोह होतोय. पण त्यासाठी क्रँककेसचं (ब्लॉकखालच्या पेटीचं) तोंड कापून मोठं करावं लागतं, आणि आरसीवर ९८ सीसी लिहिलंय. पुढच्या नूतनीकरणाला आरटीओत कुणी नीट बघितलं तर? बाबा हाकलून देतील ते वेगळंच.

मायक्रॉन (चिंचवड)

मी टूलरूममध्ये तपासणीला आहे, गाड्यांमधलं फार कळत नाही, पण मापाबद्दल बोलते. बोर घट्ट होता असं बाबा म्हणतात, ते मोजलं का? कशाने?

अकरा_घोडे

ताई, व्हर्नियरने मोजलं. बोर ५०.३०, पिस्टन ५०.२०. म्हणजे मिलिमीटरच्या दहा शतांशाचा फरक. घट्ट नाही, उलट सैलच.

मायक्रॉन

ते माप विसरून जा. साधा व्हर्नियर दोन शतांशाच्या पायऱ्यांत वाचतो, त्यात हाताचा दाब आणि जबड्याचा तिरकेपणा धरला तर पाच शतांशाची चूक सहज होते. तुम्हाला जो गाळा (पिस्टन आणि बोरमधली फट) शोधायचाय तोच मुळात चार-पाच शतांशाचा. म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलण्यातला प्रकार.

पिस्टनला बाहेरचा मायक्रोमीटर आणि बोरला डायल बोअर गेज. पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो, वर बारीक आणि खाली स्कर्टला जाड असतो. मोजायचा तो स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात. बोर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी. दोन्ही वस्तू एकाच तापमानाला असू द्या, एक उन्हातून आणि एक फरशीवरून उचलू नका. गच्चीवर आहात म्हणून सांगितलं.

आणि नवा पिस्टन हातात आल्याशिवाय बोर मारायला देऊ नका. लेथवाल्याच्या हातात पिस्टन ठेवा आणि म्हणा, याच्यासाठी मारा.

निवृत्त_फिटर (इचलकरंजी)

एसटीच्या वर्कशॉपात हयात गेली, घरी राजदूत आणि आरएक्स. फोटो मोठा करून पाहिला.

ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला आहेत. इनटेकची बाजू स्वच्छ आहे, तिथं मशीनच्या मूळ रेघासुद्धा दिसताहेत. तेल बंद पडलं असतं तर पिस्टन चहूबाजूंनी सोलला असता. बोर घट्ट असता तर चार कोपऱ्यांवर चार पट्टे उमटले असते. तेव्हा पंपावर आळ घेऊ नका, आणि मिस्त्रीवर तर अजिबात नको. हा गरम होऊन चिकटलेला पिस्टन आहे आणि प्लग पांढरा आहे. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

एकच विचारतो. जाम व्हायच्या आधी गाडी सिग्नलला आपोआप रेस व्हायची का? थ्रॉटल सोडला तरी आवाज खाली यायला वेळ लागायचा का?

अकरा_घोडे

काका! आत्ता बाबांना विचारलं. ते म्हणाले, "हो, वर्षभर तसंच होतं. मिस्त्रीला सांगितलं तर त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू पिळून दिला." पहिल्यांदा जाम व्हायच्या आधीपासून!

निवृत्त_फिटर

मग पिस्टनची ऑर्डर थांबवा. आधी चोर पकडा, मग कुलूप बदला.

टू-स्ट्रोकचं क्रँककेस म्हणजे नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा ओढली जाते. या पेटीला क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. डावीकडचं, मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकाच्या) मागचं सील फाटलं की तिथून कोरडी हवा आत येते. त्या हवेत ना पेट्रोल, ना तेल. मिश्रण पातळ, पिस्टन तापतो, फुगतो, चिकटतो. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं तर उलटा प्रकार : गिअरचं ऑइल ओढलं जातं, मागे पांढऱ्या धुराचा लोट आणि गिअर ऑइल कमी कमी होत जातं. तुमच्याकडे धूर नाही, रेस आहे. डावीकडे बघा.

पण बघण्याआधी तपासा. घरात बीपी मोजायचं डायलवालं यंत्र आहे का? ब्लॉक-हेड तात्पुरतं परत बसवा, प्लग लावा, पिस्टन अगदी खाली. सायलेन्सरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून फ्लँज आवळा. ऑइल पंपाच्या बारीक नळीला चिमटा. कार्बोरेटर काढून तो ज्या रबरावर बसतो त्यात बूच आणि बुचातून नळी. बीपीच्या फुग्याने २५० पर्यंत हवा भरा आणि काटा बघत बसा. हवा इनटेककडूनच भरा. प्लगच्या भोकातून भरली तर रीड (इनटेकच्या एकदिशा पट्ट्या) बंद होतील आणि त्यापलीकडचं रबर तपासायचं राहून जाईल.

२५० म्हणजे पाच पीएसआयच्या आतबाहेर. टायरचा पंप लावू नका, सीलच उडेल.

नाना_पेठी

काका दंडवत. तीस वर्षं गाड्या खोलतोय, बीपीचं यंत्र कधी सुचलं नाही. माझा पंपाचा सल्ला मागे घेतो. (निम्मा.)

फोंड्याचो (गोवा)

वाचतोय. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहिली की क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो, मग सुरू केल्यावर खरखर आणि त्या हलण्याने सील खाल्लं जातं. सील बदलताना क्रँक वर-खाली हलतो का ते बघ रे. बेअरिंग हलत असेल तर नवं सील सहा महिने.

अकरा_घोडे

रविवारचा वृत्तांत.

बीपीचं यंत्र बाबांचंच. फुगा आणि डायल यांच्या दोन वेगळ्या नळ्या, त्यांना जोडायला टी हवा होता, तो माशांच्या टाक्यांच्या दुकानात मिळाला. बुचासाठी जुन्या चपलेचा सोल कापला. आईने विचारलं काय चाललंय, बाबा म्हणाले, "गाडीचं बीपी बघतोय." आता तिला सगळं कळलंय.

२५० भरलं. काटा खाली येताना डोळ्यांनी दिसत होता. वीस सेकंदांत शंभरावर. सायलेन्सरच्या तोंडाला साबणाचं पाणी, काही नाही. हेडला, ब्लॉकच्या पॅकिंगला, रबराला, काही नाही. मग मॅग्नेटचं कव्हर काढलं, पुलर लावून मॅग्नेट काढला (पुलर आधीच मागवून ठेवला होता, कारण स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका असं सगळेच सांगतात), स्टेटर बाजूला घेतला आणि ब्रशने साबण लावला.

सीलच्या खालच्या अंगाला फेसाचा एक फुगा आला, वाटाण्याएवढा झाला, फुटला. पुन्हा आला. बाबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी स्क्रूलाच शिव्या घालत होतो."

आणि केसिंगवर, मॅग्नेटच्या मागे, स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याच्या दोन खोल खुणा आहेत. कधीतरी कुणीतरी पुलर न लावता मॅग्नेट काढलाय आणि त्यातच सीलच्या ओठाला चीर गेलीय. कोणी ते कळायला मार्ग नाही. तीस वर्षांत सहा-सात मिस्त्र्यांचे हात लागलेत.

दुसरी बातमी वाईट. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवला तर टिक असा बारीक आवाज येतो.

निवृत्त_फिटर

बाजूला हलला तर चालतो, वर-खाली अजिबात हलता कामा नये. बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलं. क्रँककेस फोडा. आता सील, दोन्ही मेन बेअरिंगं आणि रॉड किट एकदमच. क्रँक घरी दाबायचा नाही, तो प्रेसवाल्याकडेच.

क्लचबाजूचं सीलही बदला. ते गळत असतं तरी तुम्हाला बुडबुडे दिसले नसते, हवा गिअरबॉक्समध्ये गेली असती. पुढच्या वेळी ब्रीदरलाही (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीला) साबण लावा.

मायक्रॉन

केसचे स्क्रू काढताना जपा. जपानी गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असतात, पण खाच वेगळी असते. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, वर उचललं जातं आणि डोकं झिजतं. जेआयएसचे (जपानी मानकाचे) बिट मिळतात, तेच इम्पॅक्ट ड्रायव्हरला लावा. हातोडीचा एकच ठोका, पण मनापासून.

प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी असेल. पुठ्ठ्यावर केसचा आकार काढून त्या-त्या जागी भोक पाडून खोचून ठेवा.

अकरा_घोडे

तीन आठवडे गायब होतो. माफी.

पुठ्ठ्याची युक्ती सोन्याची. अकरा स्क्रू निघाले, बारावा शहीद झाला, त्याचं डोकं ड्रिलने उडवावं लागलं.

क्रँक शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथले एक वयस्कर कारागीर, दुकानावर पाटीसुद्धा नाही. त्यांनी क्रँक प्रेसवर उघडला, नवा रॉड, पिन आणि बेअरिंगचा पिंजरा घातला, परत दाबला. खरी गंमत त्यानंतर. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल लावला, हाताने फिरवला. काटा आठ शतांश नाचला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, तांब्याच्या हातोडीने एका चाकाला टोला. पुन्हा फिरवला, सहा. पुन्हा टोला, दुसरीकडे. तीन. मग एक अगदी हलका, म्हणजे दारावर टकटक करावी तसा. काटा दीड शतांशात थरथरून थांबला. मी विचारलं, कुठे मारायचं ते कसं कळतं? म्हणाले, "काटा सांगतोय की."

बोरला पन्नासचा पिस्टन घेऊन गेलो, मायक्रॉनताईंनी सांगितलं तसा. ते म्हणाले, दीड थाऊ ठेवतो. ताई, दीड थाऊ बरोबर का?

मायक्रॉन

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. दीड म्हणजे ३८, जवळपास चार शतांश. बरोबर आहे. होनिंगच्या (बोर दगडाने घासल्याच्या) तिरप्या रेघा दिसतात ना?

अकरा_घोडे

दिसतात, एकमेकींना छेदणाऱ्या. आणि त्यांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट दाखवली. बोर मारला की पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडांना धार येते. त्या धारेला रिंग अडकली तर मोडते. त्यांनी छोट्या दगडाने प्रत्येक पोर्टची कड मारून दिली. जुन्या बोरवर बोट फिरवायला लावलं, धार जशीच्या तशी होती. म्हणजे मागच्या वेळी हे केलंच नव्हतं. रिंगा वाचल्या ते नशीब.

बेअरिंगं घरीच बसवली. रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी, दोन पिशव्यांत गुंडाळून. केस डिझेलने धुतला, मग साबणाने, मग ओव्हनमध्ये शंभरावर वीस मिनिटं. (रॉकेलसाठी रेशन दुकानात विचारलं तर तो हसला.) ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम केसमध्ये गार बेअरिंग ठेवलं की हात सोडताच टप्प आवाज करून तळाला जाऊन बसतं. हातोडी लागलीच नाही. दोन्ही वेळा हसू आलं. तीन दिवस केक केला तर डिझेलचा वास येतो अशी घरची तक्रार आहे, तिकडे दुर्लक्ष.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ओठाला ग्रीस. पिस्टनचा बाण सायलेन्सरकडे. रिंगांची तोंडं खोबणीतल्या खिळ्यांवर जुळवून, कारण टू-स्ट्रोकमध्ये रिंग फिरली तर तोंड पोर्टमध्ये जातं. रिंग गॅप फिलर गेजने पाव मिलिमीटर आला. गजन पिनचं लॉक बसवताना केसच्या तोंडात चिंधी कोंबली होती. लॉक उडालंच. चिंधीत सापडलं. चिंधी नसती तर सगळं पुन्हा उघडायला लागलं असतं.

मग बीपी. २५० वरून सहा मिनिटांत २३५. बाबा म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं आहे."

वऱ्हाडी_ठेचा

सुरू झाली का नाही ते सांग ना गड्या! खर्च किती लागला?

अकरा_घोडे

खर्चाचा आकडा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बायको हा धागा वाचते.

नवव्या किकला सुरू झाली. पहिल्या आठ किका पेट्रोलचा कॉक बंद होता. धूर भरपूर, कारण पंप चालू ठेवून पहिल्या दोन टाक्यांना लिटरमागे २० मिली टू-टी वरून टाकतोय. पहिल्या दिवशी तीनदा फक्त गरम केली आणि पूर्ण गार होऊ दिली, मग गार असताना हेडचे नट कर्णात पुन्हा आवळले. थ्रॉटल सोडला की आवाज लगेच खाली येतो. बाबा अंगणात उभे राहून पाच-सहा वेळा नुसता थ्रॉटल पिळत-सोडत होते, ते ऐकायला.

पाचशे किलोमीटर झाले की सायलेन्सर उतरवून पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टन बघणार.

नाना_पेठी

वाखू (वाचनखूण) साठवली. पण पंपाबद्दल बोलायचं राहिलं. तुझा पंप चांगला होता म्हणून ठीक, पण तीस वर्षांच्या पंपावर विश्वास टाकून घाटात जायचं मला जमणार नाही.

निवृत्त_फिटर

आणि टाकीत ऑइल टाकायला एकदा विसरलात तर? वाटेत मित्राने नुसतं पेट्रोल भरून दिलं तर? पंप विसरत नाही. नळीत हवेचा बुडबुडा नाही ना आणि केबलची खूण जुळते ना, एवढं वर्षातून दोनदा बघा. यावर आपलं एकमत व्हायचं नाही नानासाहेब, सोडून द्या.

अकरा_घोडे

६४० किलोमीटर. आज सायलेन्सर उतरवला. पिस्टनचा स्कर्ट स्वच्छ, होनिंगच्या रेघा शाबूत, प्लग बिस्किटाच्या रंगाचा. परवा बाबा जोतिबाला जाऊन आले, मी मागून दुसऱ्या गाडीवर. वर पोचल्यावर त्यांनी हेडवर हात नेला आणि झटकन मागे घेतला, मग म्हणाले, "ठीक आहे." किकच्या शाफ्टपाशी आता गिअर ऑइलचा थेंब दिसतोय. ते सील बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवखा_२२ (सातारा)

दादा, माझीही आरएक्स सिग्नलला रेस होते. पूर्ण धागा वाचला. सील बघायला मॅग्नेट काढायचाय, त्याला पुलर हवा. दुकानदार म्हणतो आटे जुळवून बघायला मॅग्नेट घेऊन ये. मॅग्नेट काढायला पुलर हवा. काय करू?

अकरा_घोडे

माझा पुलर कुरिअर करतो, पत्ता व्यनि कर. तोवर गाडी जोरात चालवू नकोस. काम झालं की लगेच परत पाठव, मागच्या वेळी फोंड्याला गेला होता तो दोन महिन्यांनी आला.

फोंड्याचो

पाऊस होता रे.